जठरात टिकणारी, आतड्यात विरघळणारी मऊ कॅप्सूल

माशाच्या तेलाची कॅप्सूल घेणाऱ्या अनेकांना हा अनुभव ओळखीचा आहे. कॅप्सूल गिळून अर्धा-पाऊण तास झाला की माशाच्या वासाचा ढेकर येतो. त्रास किरकोळ, पण रोजचा. तेवढ्यावरून कितीतरी लोक कॅप्सूल घेणंच सोडून देतात. मग कोणीतरी सुचवतं, 'एन्टेरिक लिहिलेली घ्या, ती पोटात फुटत नाही.' आणि इथून प्रश्न सुरू होतात. पोटात फुटत नाही, तर फुटते कुठे? पोटातलं ॲसिड तिला काहीच करत नाही का? त्यासाठी तिच्यावर प्लास्टिकसारखं काही लावलेलं असतं का?

एन्टेरिक म्हणजे जठरातून अखंड पुढे जाणारं आणि लहान आतड्यात उघडणारं औषध. गोळ्यांच्या बाबतीत हे तंत्र शंभर वर्षांहून जुनं आहे. मऊ कॅप्सूलच्या बाबतीत मात्र ते अजूनही घडतं आहे आणि त्यावर भरपूर संशोधन चालू आहे. कारण मऊ कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असतं आणि कोमट पाण्यात विरघळून जाणं हा जिलेटिनचा स्वभावच आहे. तो स्वभाव ठरावीक वेळेपुरता आवरून धरायचा आणि नंतर पुन्हा मोकळा सोडायचा, असं हे काम आहे.

जिलेटिन विरघळतं कशामुळे?

प्राण्यांच्या कातडीत, हाडांत आणि स्नायुबंधांत कोलॅजन नावाचं प्रथिन असतं. त्याचे तीन लांब धागे एकमेकांभोवती पिळलेले असतात. कातडी किंवा हाडं आम्लात भिजवून, किंवा चुन्याच्या पाण्यात कित्येक आठवडे मुरवून, नंतर गरम पाण्यात ठेवली की हा पीळ सुटतो आणि धागे सुटे होऊन पाण्यात उतरतात. ते गाळून, सुकवून जे मिळतं ते जिलेटिन.

गरम पाण्यात हे धागे मोकळे फिरत असतात. पाणी थंड झालं की त्यांना जुना पीळ जणू आठवतो. जागोजागी ते पुन्हा एकमेकांत गुंततात, मधे पाणी अडकतं आणि जेली होते. पण हे गुंतणं फार नाजूक असतं. तापमान ३० ते ३५ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की गुंता सुटतो. शरीराचं तापमान ३७ अंश. म्हणजे जिलेटिनचं कवच पोटात उतरतं तेव्हा त्याला विरघळण्यासाठी ॲसिडची गरजच नसते. नुसतं कोमट पाणीही त्याला पुरतं.

या मुद्द्यावर बहुतेकांची गल्लत होते, म्हणून थोडं थांबतो. 'पोटातलं ॲसिड कॅप्सूल वितळवतं' हे आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की आम्लरोधक जिलेटिन म्हणजे ॲसिडचा मारा सहन करणारं जिलेटिन, असंच वाटतं. प्रत्यक्षात जठरात त्या कवचावर तीन गोष्टी चालून येतात. पहिली ऊब आणि पाणी. दुसरं पेप्सिन, म्हणजे जठरात पाझरणारं आणि प्रथिनांचे तुकडे करणारं एन्झाइम. जिलेटिन हे प्रथिनच असल्यामुळे पेप्सिनच्या दृष्टीने कॅप्सूलचं कवच म्हणजे अन्न. आणि तिसरं ॲसिड. त्याचा थेट मार या तिघांत सर्वांत कमी, पण पेप्सिन नीट काम करतं ते ॲसिडमुळेच.

मग संशोधक सगळा भर ॲसिडवर का देतात? कारण जठर आणि आतडं यांतला ओळखता येण्याजोगा मोठा फरक तोच आहे. ऊब दोन्हीकडे सारखी, पाणी दोन्हीकडे, प्रथिनं पचवणारी एन्झाइम्सही दोन्हीकडे. आम्लता मात्र प्रचंड वेगळी. ती मोजायच्या पट्टीला सामू किंवा पीएच म्हणतात. आकडा जितका लहान, तितकं आम्ल तीव्र, आणि एका अंकाचा फरक म्हणजे दहापट. रिकाम्या जठरात सामू साधारण १ ते ३ असतो, लहान आतड्यात साधारण साडेपाच ते साडेसात. प्रयोगशाळेत जठरासाठी १.२ आणि आतड्यासाठी ६.८ सामूचं द्रावण वापरतात. या दोन आकड्यांतल्या आम्लतेचा फरक सुमारे ४ लाख पट आहे. कवचाला 'तू आता कुठे आहेस' हे कळवणारी इतकी ठळक खूण दुसरी नाही.

पण जठर टाळायचंच कशाला?

कारणं दोन प्रकारची असतात. कधी औषधाला जठरापासून जपायचं असतं, कधी जठराला औषधापासून.

स्वादुपिंडाचं काम मंदावलेल्या रुग्णांना बाहेरून पाचक एन्झाइम्स देतात. त्यांतलं चरबी पचवणारं लायपेज सामू ४ च्या खाली गेला की कायमचं निकामी होतं. ॲसिडिटीवर दिलं जाणारं ओमेप्राझोल तर तीव्र आम्लात काही मिनिटांत मोडून जातं. म्हणजे ज्या ॲसिडचा बंदोबस्त करायला ते घ्यायचं, तेच त्याला आधी संपवणार. आतड्यांना उपयोगी म्हणून दिल्या जाणाऱ्या अनेक जिवाणूंचीही गत तीच.

पेपरमिंट तेलाचं दुखणं वेगळं. आतड्याच्या आजारात येणारे पोटातले मुरडे शमवण्यासाठी ते देतात, कारण ते आतड्याचे स्नायू सैल करतं. पण जठरातच बाहेर पडलं तर अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडपही सैल करतं आणि छातीत जळजळ सुरू होते. औषध तेच, जागा चुकली की त्रास. माशाच्या तेलाच्या ढेकराचंही असंच. तेल पाण्यापेक्षा हलकं, जठरातल्या द्रवावर तरंगत राहतं आणि ढेकराबरोबर त्याचा वास वर येतो.

पेपरमिंटचं काय, माशाचं काय किंवा लसणाचं काय, ही सगळी तेलं आहेत. तेलाची गोळी दाबून करता येत नाही. त्यामुळे या औषधांसाठी मऊ कॅप्सूल हाच सरळ मार्ग उरतो आणि सगळा प्रश्न जिलेटिनच्या दारात येऊन थांबतो.

मऊ कॅप्सूल बनते कशी?

जिलेटिनची मऊ कॅप्सूल पहिल्यांदा फ्रान्समध्ये आली. मोथ आणि द्यूब्लां यांनी १८३४ साली तिचं पेटंट घेतलं. तेव्हा त्या हातानं, साच्यावर एकेक करून बनत. आज जगभर वापरलं जाणारं यंत्र अमेरिकेतल्या रॉबर्ट पॉली शेरर यांनी १९३३ मध्ये तयार केलं आणि त्याची मूळ कल्पना अजून तीच आहे.

जिलेटिन, पाणी आणि ग्लिसरीन किंवा सॉर्बिटॉल यांचं मिश्रण सुमारे ६० अंशांवर पातळ ठेवलेलं असतं. ग्लिसरीन मऊपणासाठी. ते नसेल तर कवच सुकल्यावर काचेसारखं तडकेल. हे मिश्रण दोन थंड फिरत्या पिंपांवर पसरतं आणि दोन्हीकडून एक-एक लवचिक, मधाळ रंगाची पट्टी खाली उतरते. जाडी एक मिलिमीटरहूनही कमी. दोन्ही पट्ट्या समोरासमोर फिरणाऱ्या दोन रुळांमध्ये शिरतात. रुळांवर कॅप्सूलच्या अर्ध्या आकाराचे खळगे कोरलेले असतात. वरून एक गरम पाचर पट्ट्यांना चाळिसेक अंशांपर्यंत तापवते आणि त्याच क्षणी मधे तेल सोडते. तेलाच्या दाबाने पट्ट्या खळग्यांत फुगतात, कडा एकमेकींत वितळून चिकटतात आणि कॅप्सूल कापली जाऊन खाली पडते. मागे उरते ती भोकाभोकांची जाळी. खाली पडलेली कॅप्सूल अजून ओलसर, लिबलिबीत असते. फिरत्या पिंपात आणि मग ट्रेवर ती कित्येक तास, कधी काही दिवस, कोरड्या हवेत सुकते.

इतकं सविस्तर सांगण्याचं कारण म्हणजे जिलेटिन तिथे का आहे ते यातून कळतं. थंड झाल्यावर क्षणात पट्टी बनणं, किंचित तापवल्यावर पट्टीने पट्टीला चिकटणं, आणि सुकल्यावर मजबूत तरीही लवचिक राहणं, हे तिन्ही गुण एकत्र देणारे पदार्थ फार कमी आहेत. शरीराच्या उबेत वितळणं हा या गुणांचाच दुसरा चेहरा आहे. आम्लरोधक करण्याच्या नादात तो बदलायला गेलं, की कडा चिकटेनाशा होतात किंवा पट्टी ठिसूळ होते. कॅप्सूल गळते ती बहुतेकदा या सांध्यातूनच.

वरून लेप दिला तर?

सर्वांत आधी सुचणारा उपाय हाच. १८८४ मध्ये पॉल गेर्सन उना या जर्मन डॉक्टरांनी गोळ्यांवर केराटिनचा, म्हणजे शिंगं-नखं ज्याची असतात त्या प्रथिनाचा, लेप दिला होता. पुढे लाखेचे लेप आले, मग सेल्युलोजपासून आणि मेथॅक्रिलिक आम्लापासून केलेले. या नव्या लेपांचं तत्त्व एकच आहे. त्यांच्या लांब रेणूंवर ठिकठिकाणी आम्लगट टांगलेले असतात. आजूबाजूला तीव्र आम्ल असलं की हे गट आपला हायड्रोजन सोडत नाहीत, रेणूवर विद्युतभार नसतो आणि त्यामुळे तो पाण्यात मिसळत नाही. सामू साडेपाच-सहाच्या पुढे गेला की गट हायड्रोजन सोडतात, रेणूभर ऋणभार तयार होतो, साखळ्या एकमेकींना ढकलू लागतात आणि लेप पाण्यात उतरतो.

कडक गोळीवर हे छान चालतं. मऊ कॅप्सूलवर बरंच अवघड जातं. कवच दाबलं की वाकतं, वरचा लेप मात्र तेवढा वाकत नाही, त्यामुळे त्याला बारीक चिरा पडतात आणि एक चीरही पुरेशी असते. पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने लेप नीट धरत नाही. कवचातलं ग्लिसरीन आणि पाणी हळूहळू लेपात झिरपतं, त्याने लेपाचे गुण महिन्यागणिक बदलत जातात. लेप फवारताना गरम हवा लागते आणि उबेत जिलेटिन मऊ पडून कॅप्सूल एकमेकींना चिकटतात. शिवाय मऊ कॅप्सूल नितळ, पारदर्शक असावी अशी लोकांची अपेक्षा असते. लेप दिल्यावर ती बऱ्याचदा धुरकट दिसते. लेप दिलेल्या मऊ कॅप्सूल मिळतात आणि चांगल्या केलेल्या असतील तर कामही करतात. पण खुद्द कवचच आम्लरोधक करता आलं तर हे सगळं टळेल, हा विचार इथून पुढे आला.

फॉर्मॅलिनचा जुना मार्ग

कवचच बदलायचा सर्वांत जुना प्रयोग म्हणजे जिलेटिनला फॉर्माल्डिहाइड लावणं. पाण्यात मिसळलेल्या फॉर्माल्डिहाइडलाच फॉर्मॅलिन म्हणतात. जिलेटिनच्या धाग्यांवर लायसिन नावाचे दुवे असतात. फॉर्माल्डिहाइड दोन धाग्यांवरच्या अशा दुव्यांना पकडून त्यांच्यात पक्का रासायनिक पूल बांधतं. असे पूल पुरेसे झाले की कोमट पाण्यात धागे सुटत नाहीत, जेली वितळत नाही.

यातला घोटाळा शिवणकाम जाणणाऱ्याला लगेच कळेल. कापड तात्पुरतं जोडायला कच्चा टाका घालतात. तो काम होईपर्यंत धरतो आणि टोक ओढलं की सरसर निघतो. फॉर्मॅलिनचे टाके पक्के, मशीनवर दुहेरी घातलेल्या शिवणीसारखे. ते जठरात उसवत नाहीत आणि आतड्यातही उसवत नाहीत. शिवाय टाके पडणं कारखान्यात थांबत नाही. बाटलीत ठेवलेल्या कॅप्सूलमध्येही ते पडतच राहतात. आज बरोबर वेळेला उघडणारी कॅप्सूल वर्षभराने उघडेलच असं सांगता येत नाही, न उघडता शरीराबाहेरही पडू शकते. वर फॉर्माल्डिहाइड विषारी, ही वेगळीच चिंता. त्यामुळे हा मार्ग मागे पडला.

पण हे टाके कोणी न घालताही पडतात आणि ही साध्या मऊ कॅप्सूलचीही खरी डोकेदुखी आहे. तेल हवेने खवट होऊ लागलं की त्यातून फॉर्माल्डिहाइडच्याच जातीची संयुगं, अल्डिहाइडं, तयार होतात. ती आतून कवचाला टाके घालत बसतात. दमट हवा आणि उष्णता असेल तर वेग वाढतो. माशाचं तेल तर या बाबतीत फारच हळवं. जुनी, उन्हात राहिलेली कॅप्सूल पाण्यात टाकली तर कधी कधी वरचा भाग विरघळतो आणि एक पातळ, चिवट पापुद्रा तसाच राहतो, तो याच कारणाने. आम्लरोधक कवच तयार करणाऱ्याला दोन्ही सांभाळायचं असतं. आपले कच्चे टाके हवे तेव्हा सुटले पाहिजेत आणि हे नको असलेले पक्के टाके पडता कामा नयेत. जिलेटिनवर आधीच सक्सिनिक आम्लाचे गट बसवून लायसिनच्या जागा अडवून ठेवणं, हा त्यावरचा एक उपाय वापरात आहे.

कच्चा टाका कशाचा घालायचा?

सध्या सर्वांत आश्वासक वाटणारं उत्तर फळांमधून येतं. लिंबूवर्गीय फळांच्या साली आणि सफरचंदाचा चोथा यांतून निघणारं पेक्टिन, ज्याने जॅम घट्ट होतो तेच. पेक्टिन ही साखरेच्या जातीच्या आम्लाची लांब साखळी आहे. म्हणजे लेपाच्या रेणूंवर मुद्दाम टांगावे लागणारे आम्लगट तिच्याकडे जन्मतःच असतात. कवचासाठी वापरतात त्या, मिथिल गट कमी असलेल्या पेक्टिनमध्ये मोकळे आम्लगट अधिक असतात.

जिलेटिनच्या गरम मिश्रणातच थोडं पेक्टिन घालतात, बाकी यंत्र तेच. काही कृतींमध्ये सुकलेल्या कॅप्सूल नंतर काही काळ मध्यम उबेत ठेवतात, म्हणजे आतली वीण बसते. अशी कॅप्सूल जठरात उतरली की तीव्र आम्लात पेक्टिनच्या गटांवर भार नसतो. साखळ्या एकमेकींना ढकलत नाहीत, उलट हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरतात आणि पाण्यात न उतरणारी जाळी बनते. उबेने जिलेटिनचा गुंता सैल होतो खरा, पण धागे या जाळीत अडकलेले असतात. कवच फुगतं, बुळबुळीत होतं, पण विरघळून निघून जात नाही.

आम्लता थोडी कमी होऊन सामू ३-४ च्या आसपास आला तर? तेव्हा पेक्टिनवर ऋणभार येऊ लागतो. जिलेटिनवर मात्र अजून धनभार असतो. विरुद्ध भार एकमेकांना ओढतात आणि पकड टिकते. इथे जिलेटिन कोणत्या पद्धतीचं, यालाही महत्त्व आहे. चुन्यात मुरवलेल्या जिलेटिनचा भार सामू पाचच्या आसपास शून्य होतो आणि पुढे ऋण होतो. आम्लाने काढलेल्या जिलेटिनच्या बाबतीत हाच आकडा बहुधा सात ते नऊच्या दरम्यान असतो. त्यामुळे कृती ठरवताना नुसतं 'जिलेटिन' म्हणून भागत नाही.

मग कॅप्सूल आतड्यात येते. सामू सहाच्या वर. पेक्टिन पुरतं ऋणभारित, चुन्यातलं जिलेटिनही ऋणभारित. दोघं एकमेकांना दूर लोटतात, कच्चा टाका निघतो, पाणी आत शिरतं. त्यात स्वादुपिंडातून आलेली एन्झाइम्स मोकळ्या झालेल्या जिलेटिनचे तुकडे पाडायला हजर असतात. पेक्टिन माणसाच्या एन्झाइम्सना पचत नाही. ते पुढे मोठ्या आतड्यात गेल्यावर जिवाणू पचवतात. म्हणून पेक्टिनने इथे पचून नव्हे, तर विरघळूनच वाट मोकळी करावी लागते.

समुद्री शेवाळातून निघणारं अल्जिनेटही असंच वागतं. आम्लात घट्ट बसतं, आतड्यात सुटतं. मेथॅक्रिलिक आम्लाचे नेहमीचे लेपाचे पदार्थही जिलेटिनच्या मिश्रणात घालून पाहिले जातात, पण त्यांना विरघळवायला अल्कली लागते आणि त्याने मिश्रणाचा दाटपणा, पट्टीची ताकद सगळंच बदलतं. मला पेक्टिनचा मार्ग अधिक पटतो. तो खाद्यपदार्थ आहे, त्यामुळे औषधांबरोबर पूरक आहाराच्या कॅप्सूलमध्येही सहज चालतो, आणि जिलेटिनशी त्याचं रासायनिक नातं मुद्दाम जुळवावं लागत नाही. त्याची अडचण प्रमाणाची. कमी घातलं तर जठरात गळती, जास्त घातलं तर मिश्रण इतकं दाट की पट्टी सारखी पसरत नाही आणि सांधे नीट जुळत नाहीत. शिवाय प्रत्येक हंगामातल्या फळाचं पेक्टिन थोडं वेगळं, प्रत्येक खेपेचं जिलेटिन थोडं वेगळं. अनेक महिन्यांची मेहनत इथेच जाते.

ती खरंच टिकते, हे कसं ओळखतात?

औषधकोशांत, म्हणजे औषधांच्या दर्जाचे निकष देणाऱ्या अधिकृत ग्रंथांत, याची ठरलेली चाचणी आहे. उभ्या सहा काचनळ्यांचा एक पाळणा असतो, नळ्यांच्या तळाला जाळी. प्रत्येक नळीत एक कॅप्सूल टाकून पाळणा ३७ अंशांच्या आम्लद्रावणात मिनिटाला तीसेक वेळा वरखाली हलवतात. दोन तास कॅप्सूल फुटता कामा नये. मग तोच पाळणा ६.८ सामूच्या द्रावणात उतरवतात आणि आता ती ठरलेल्या वेळात उघडली पाहिजे. दुसऱ्या एका चाचणीत आम्लात दोन तासांत किती औषध सुटलं ते मोजतात. सर्वसाधारण मर्यादा १० टक्के.

या चाचणीकडे बारकाईने पाहिलं तर एक फट दिसते. आम्लद्रावणात बऱ्याचदा नुसतं विरल हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, पेप्सिन नसतं. लेपाच्या गोळीला याने फरक पडत नाही, कारण पेप्सिन लेप खाऊ शकत नाही. पण इथे भिंतच प्रथिनाची आहे. नुसत्या आम्लात दोन तास ठणठणीत राहिलेलं कवच पेप्सिन घातल्यावर तासाभरात पातळ पडू शकतं. औषधकोशांत पेप्सिन घातलेल्या कृत्रिम जठररसाचं सूत्रही दिलेलं आहे, लिटरमागे ३.२ ग्रॅम. जिलेटिनमिश्रित आम्लरोधक कवचाचा कोणताही दावा या द्रावणात तपासला पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं. पेक्टिनच्या जाळीमुळे पेप्सिन आत शिरायला वेळ लागतो, हे खरं. तो वेळ किती, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

दुसरी अडचण तेलाची. औषध किती सुटलं हे मोजायला ते द्रावणात मिसळावं लागतं. तेल वर तरंगतं. त्यामुळे अशा कॅप्सूलमध्ये बऱ्याचदा कवच कधी फुटलं, हेच पाहावं लागतं.

जठर घड्याळ लावून चालत नाही

'दोन तास टिकली म्हणजे झालं' हा समजही तपासून घ्यायला हवा. चाचणीतली नळी आणि खरं जठर यांत फरक आहे. उपाशीपोटी जठरात दर दीड-दोन तासांनी आकुंचनाची एक मोठी लाट येते आणि काही मिलिमीटरपेक्षा मोठी, न विरघळलेली वस्तू तिच्याबरोबर पुढे ढकलली जाते. जेवण झालेलं असेल तर ही लाट थांबते. जठर अन्न दळत बसतं आणि अखंड कॅप्सूल अनेक तास तिथेच राहू शकते. याच काळात अन्नामुळे जठराचा सामू चार-पाचपर्यंत, कधी त्याहून वर चढतो. म्हणजे कच्चे टाके सैल व्हायला जेव्हा सर्वांत अनुकूल स्थिती असते, नेमकी तेव्हाच कॅप्सूल सर्वांत जास्त वेळ अडकलेली असते.

ॲसिडिटीची औषधं घेणाऱ्यांचंही तसंच. आम्ल कमी करणारं औषध घेतलं की कवचाला जठर आतड्यासारखं भासू लागतं. बिसाकोडिल या जुलाबाच्या एन्टेरिक गोळीबरोबर दूध किंवा ॲन्टासिड घेऊ नका, ही सूचना याच कारणाने असते. म्हणून अशा औषधाच्या वेष्टनावर जेवणाआधी की नंतर, असं लिहिलेलं असेल तर ते पाळावं. त्यामागे हे सगळं गणित असतं. आणि कॅप्सूल चावणं, कापणं किंवा टोचून तेल पिणं म्हणजे कवचाचं सगळं काम वाया घालवणं.

म्हणजे एन्टेरिक कॅप्सूल जास्त गुणकारी?

तसं आपोआप होत नाही. एन्टेरिक हे फक्त औषध कुठे उघडतं ते सांगतं. तिथे उघडल्याने फायदा होतो का, हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर रुग्णांवरच्या अभ्यासातूनच मिळतं.

ॲस्पिरिनचं उदाहरण बोलकं आहे. ते जठराला इजा करतं, म्हणून एन्टेरिक ॲस्पिरिन आलं. पण १९९६ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात जठरातल्या गंभीर रक्तस्रावाचा धोका साध्या आणि एन्टेरिक ॲस्पिरिनमध्ये जवळपास सारखाच निघाला. कारण ॲस्पिरिन रक्तात गेल्यावरही जठराच्या अस्तराचं संरक्षण कमी करतं. दार बदललं, तरी पाहुणा घरात आलाच.

माशाच्या तेलाचंही असंच झालं. १९९६ मध्येच इटलीतल्या संशोधकांनी क्रोन या आतड्याच्या आजारातल्या ७८ रुग्णांवर एन्टेरिक माशाच्या तेलाचा प्रयोग केला. वर्षभरात तेल घेणाऱ्यांपैकी २८ टक्के जणांचा आजार पुन्हा बळावला, तेल न घेणाऱ्या गटात ६९ टक्के जणांचा. मोठी आशा निर्माण झाली. २००८ मध्ये दोन बऱ्याच मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले, त्यातही ओमेगा-३ च्या, म्हणजे माशाच्या तेलातल्या स्निग्धाम्लांच्या, आतड्यात उघडणाऱ्या मऊ कॅप्सूलच होत्या, आणि तो फायदा दिसला नाही. ढेकर टाळण्यासाठी एन्टेरिक कॅप्सूल घेणं रास्त आहे. ती घेतल्याने तेल अधिक औषधी होतं, असं मानायला आधार नाही.

लेपातल्या थॅलेटची भीती कितपत खरी?

लेपातलं थॅलेट शरीराला घातक तर नाही ना, ही शंका अनेकांच्या मनात असते आणि ती निराधार नाही. काही एन्टेरिक लेपांना लवचिक करण्यासाठी डायब्युटिल थॅलेट वापरलं जाई. प्राण्यांवरच्या अभ्यासांत त्याचे प्रजननसंस्थेवर दुष्परिणाम दिसले आणि २०१२ मध्ये एफडीए या अमेरिकेच्या औषधनियामक संस्थेने औषधांमध्ये ते टाळावं अशी सूचना काढली. त्याला पर्याय आहेत आणि ते वापरले जातात. नावात थॅलेट असलेले सगळे पदार्थ मात्र एका माळेचे मणी नाहीत. सेल्युलोज ॲसिटेट थॅलेटमध्ये तो गट मोठ्या रेणूला बांधलेला असतो. पेक्टिन मिसळलेल्या कवचात तर या कशाचीच गरज पडत नाही, तिथे मऊपणा ग्लिसरीन देतं.

जिलेटिनच नको असेल तर?

प्राणिजन्य पदार्थ नको असणाऱ्यांसाठी मऊ कॅप्सूल आहेत. समुद्री शेवाळातलं कॅराजीनन आणि बदललेला स्टार्च यांची पट्टी बनते आणि त्याच प्रकारच्या यंत्रावर चालते. पण तिच्या कडा चिकटायला जिलेटिनपेक्षा बरीच जास्त उष्णता लागते, आणि उष्णतेला हळवं तेल आत भरायचं असेल तर ते परवडत नाही.

या संदर्भात जिवाणूंपासून मिळणारं जेलन पाहण्यासारखं आहे. ते आम्लात मुळातच विरघळत नाही, त्यामुळे जठरात टिकणाऱ्या कडक कॅप्सूलमध्ये ते आधीच वापरलं जातं. पेक्टिनबरोबर त्याची मऊ पट्टी करण्याचे प्रयत्नही होत आहेत. जिलेटिनची पट्टी सुरेख चिकटते आणि आम्लात टिकणं तिला शिकवावं लागतं. जेलनच्या बाबतीत आम्लात टिकणं फुकट मिळतं आणि कमी उबेत नीट चिकटणं, सुकल्यावर न तडकणं हे साधावं लागतं. पेप्सिनची काळजी मात्र तिथे उरत नाही, कारण जेलन प्रथिन नाही.